आमची वाटचाल : अभिप्रायाचे पान

प्रत्येक कादंबरीच्या मागील पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस एक कोरे पान डकवायचे आणि पुस्तक परत करताना सभासदाने त्यावर आपले मत लिहायचे, हा नियम आम्ही १९९४ साली सांगलीत हरभट रोडलगतच्या बोळात वाचनालय सुरू केले, त्याच दिवशी घातला. कादंबरी कुठल्याही वाचनालयात मिळते. आपल्याच गावच्या दहा माणसांना ती कशी वाटली, हे मात्र आमच्याकडेच वाचायला मिळते, याचा मला अभिमान आहे. हे पान डकवण्यासाठी मैद्याची खळ आम्ही घरीच शिजवतो आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतो. नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांनीही तसेच करावे, म्हणजे खळीला सहसा कसर लागत नाही.

२००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि तिच्या हातभर वर फळ्या ठोकून आम्ही निर्धास्त झालो होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेली आणि आमच्या फळ्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर दुकान उघडले, तेव्हा फुगलेली पुस्तके कपाटांत इतकी घट्ट बसली होती की ती पहारीने उचकटावी लागली. ज्या थोड्या प्रती वाचल्या, त्यांतले शाईने लिहिलेले अभिप्राय धुऊन गेले होते आणि बॉलपेनचे तेवढे राहिले होते. पाहणीला आलेल्या विम्याच्या माणसाने साडेचार हजार पुस्तकांना रद्दीचा भाव लावला, तोही किलोवर. पंचवीस वर्षांच्या अभिप्रायांसाठी त्याच्या कागदात रकानाच नव्हता, ही गोष्ट मला आजही सलते.

वाचनालय बंद करायचे ठरत आले असताना विश्रामबागेतल्या एक निवृत्त शिक्षिका, आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या सभासद, घरी असलेली तीन पुस्तके घेऊन आल्या आणि गेलेले अभिप्राय आठवतील तसे पुन्हा लिहून देऊ लागल्या. ‘बनगरवाडी’विषयी त्यांनी लिहिले की, मास्तर गावाला शिकवायला येतो, पण शिकतो तोच. ‘ययाति’त देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, तरीही देवयानीवर अन्याय झाला आहे, हे त्यांचे मत जुनेच होते, आणि खांडेकर सांगलीचे म्हणून त्यांनी ते सौम्य केले नाही. ‘पाडस’ मात्र पुन्हा वाचवणार नाही, असे त्यांनी एका ओळीत लिहून दिले.

अभिप्राय मागताना ‘पुस्तक कसे वाटले’ असे कधीही विचारू नये, कारण उत्तर ‘छान’ एवढेच येते. ‘कुठे थांबलात’ असे विचारावे. वालचंद महाविद्यालयातला एक विद्यार्थी अलीकडे ‘कोसला’ वाचताना नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी थांबला आणि चार दिवसांनी पुढे गेला. तोवर नायक पांडुरंगाचा राग येत होता, नंतर आला नाही, असे त्याने लिहिले आहे. त्याच मुलाने गेल्या महिन्यात ‘रणांगण’ नेले. नायक चक्रधर भेकड आहे, असे विश्रामबागेच्या त्या बाईंनी त्या पानावर आधीच लिहिले होते. बोटीवरच्या थोड्या दिवसांत माणसाने किती धैर्य दाखवावे, असे त्याने खाली विचारले, आणि बाईंनी पुस्तक पुन्हा नेऊन त्याला समासात उत्तर दिले. ते पान आता भरले आहे. शनिवारी खळ शिजवली की त्यावर दुसरे डकवणार आहे.