लई टोचतंय!

कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीच्या जत्रेत विठ्ठल-बिरदेवापुढं भंडाऱ्यासोबत लोकर उधळली जाते. ती अंगावर पडली म्हणून कुणी तक्रार करत नाही. तीच कातून-विणून घोंगडी झाली की गिऱ्हाईक दोन बोटांनी चाचपतं आणि ठरलेलं वाक्य बोलतं, "लई टोचतंय हो."

टोचणारच. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचं टोक माणसाच्या कातडीला खुपतं. मऊ लोकरीच्या परदेशी मेरिनो मेंढीचा तंतू विसाच्या आसपास, आपल्या दख्खनी मेंढीचा सरासरी चाळिशीच्या पुढं, आणि वर पोकळ केसाळ तंतूंची भेसळ निसर्गानंच करून ठेवलेली. त्यात कात्रीनं कापलेलं टोक बोथट. म्हणून जावळाचा मान वेगळा. कोकराची ही पहिली कातरणी. त्या तंतूचं एक टोक जन्मापासूनचं, निमुळतं. ते वाकतं, रुतत नाही. पण कोकरू जावळ देणार आयुष्यात एकदाच.

मोठ्या मेंढीचं तरी काय, वर्षाच्या दोन कातरण्या मिळून अर्धा-पाऊण किलो. त्यातून काडीकचरा, धूळ, तेलकटपणा वजा. दोन-अडीच किलोची घोंगडी म्हणजे पाच-सहा मेंढ्यांचं वर्ष खांद्यावर घेणं.

खरी नासाडी होते ती कातरणीत. मेंढरं आधी ओढ्याला धुऊन अंग पुरतं वाळू द्यावं. ओलसर लोकर पोत्यात कोंबली की आतून तापते, पिवळी पडते आणि कुबट वास काही केल्या जात नाही. कात्री कातडीलगत, एकाच फेरीत. राहिलेलं छाटायला दुसऱ्यांदा कात्री फिरवली की आखूड तुकडे पडतात. पिंजताना त्यांच्याच गुठळ्या होतात आणि कातताना सूत तिथंच फुगून तुटतं. पोटाची, शेपटीची लोकर बाजूला. गोखरू अडकलेला झुपका सरळ फेकावा, चिकटपणा करू नये. एक गोखरू दहा बोटं सोलतं.

चरख्यावर पीळ किती द्यायचा, हे सूतच सांगतं. हातभर सूत सैल सोडून दोन्ही टोकं जवळ आणावीत. थोडं वळलं तर ठीक. स्वतःभोवतीच दोरीसारखं गुंडाळलं तर पीळ जास्त. लडी भिजवून, खाली वजन टांगून वाळवली की तो पीळ बसतो. पीळ कमी पडला असेल तर मात्र पुन्हा चरख्यावरच चढवावं, नाहीतर मागावर ताणलं की सूत हातात येतं.

मग चिंचोक्याची खळ. भाजून, टरफल काढून, दळून शिजवलेली ही खळ कुंच्यानं ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या सुतावर फिरवायची, म्हणजे उभे राहिलेले तंतू बसतात आणि सूत घासून तुटत नाही. त्याला कडक ऊन हवं. कोल्हापुरी आषाढात हा उद्योग केला तर खळ आंबते, बुरशी धरते. नव्या घोंगडीचा ताठपणा बराचसा या खळीचाच असतो, तेव्हा टोचण्याचा निम्मा गुन्हा चिंचेच्या नावावर लिहायला हरकत नाही. दोन धुण्यांत तो उतरतो. पण धुणं थंड पाण्यात, रिठ्यानं, न चोळता. गरम पाणी आणि ब्रश एकत्र आले की तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात. घोंगडी आटते, ती परत ताणली जात नाही.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. गगनबावड्याच्या पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ उबदार राहते ती म्हणून. कसर मात्र घामट, मळक्या जागेवर आधी बसते. कडुनिंबाच्या पाल्यावर फार विसंबू नये. धुऊन, उन्हात झटकून मगच घडी घालावी.

जत्रेत घेताना शंका आली तर कडेचं एक सूत जाळून बघावं. केस जळल्यासारखा वास आला आणि काळा गोळा बोटांत चुरडला तर लोकर. वितळून मण्यासारखा कडक खडा उरला तर तो ॲक्रिलिकचा धागा. तो टोचणार नाही, एवढं खरं.