मार्कच्या शेवटी असलेला तो चौकोनी कंस

कॉलेजला असताना एकदा रात्री मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, वाचत बसले होते. शेवटच्या म्हणजे सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर एक चौकोनी कंस सुरू होतो आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये ९ ते २० ही वचनं नाहीत. तिथून मी आधी कितीतरी वेळा गेले असेन, पण तळटीप कोण वाचतं हो. त्या रात्री वाचली आणि पोटात गोळा आला. नाहीत म्हणजे काय? मग इथे कुठून आली? कुणी घातली??

त्यात नेमकं त्याच आठवड्यात वर्गातल्या एकाशी माझी जुंपली होती. बायबल खरं कशावरून, असं त्याने विचारलं, आणि मी लहानपणापासून पाठ असलेलं उत्तर फेकलं, २ तीमथ्य ३:१६, प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे. तो हसला आणि म्हणाला, म्हणजे आरोपीही तोच आणि जजही तोच? मला काही सुचलं नाही. राग आला खरा, पण त्याचं बरोबर होतं, ते उत्तर जो आधीच मानतो त्याच्यासाठी आहे, जो मानत नाही त्याला ते देऊन काय उपयोग.

तर त्या टिपेच्या मागे लागले. सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन हस्तलिखितांत मार्क खरंच आठव्या वचनावर संपतो. बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळत सुटतात, थरथर कापतायत, आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. बस, संपलं. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट आहे ना, निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा वाली, तीही सर्वांत जुन्या प्रतींत नाही. ही तर माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणजे दुखणं डबल.

पण थोडे दिवस गेल्यावर डोक्यात आलं की हे मला कळलं कुठून? बायबलमधूनच की! छापणाऱ्यांनीच टीप देऊन सांगितलंय. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, ग्रीक हस्तलिखितं ५ हजारांच्या वर आहेत, काही तुकडे, काही पूर्ण ग्रंथ, वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली, आणि ती एकमेकांशी ताडून पाहता येतात म्हणून कुणी नंतर काय घुसडलं ते पकडता येतं. चुका ढिगाने आहेत, पण बहुतेक स्पेलिंग, शब्दांचा क्रम, किंवा लिहिणाऱ्याची नजर एका ओळीवरून तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या ओळीवर घसरली, असल्या. दहा-बारा वचनांचे मोठे प्रश्न असे हे दोनच. आणि ती वचनं काढली तरी येशू मेलेल्यांतून उठला ही गोष्ट काही जात नाही, ती त्याच अध्यायात सहाव्या वचनात आहे आणि बाकी शुभवर्तमानांत आहेच.

जुन्या कराराचं, म्हणजे येशूच्या आधीच्या हिब्रू भागाचं, तर अजून भारी उदाहरण. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सापडली, सात मीटरहून लांब, आणि तोपर्यंत हातात असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा साधारण १ हजार वर्षांनी जुनी. ताडून पाहिली तर फरक आहेत पण पुस्तक तेच. त्रेपन्नाव्या अध्यायातल्या अकराव्या वचनात, दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल, एक शब्द जास्तीचा निघाला, 'प्रकाश'. आधीच्या हिब्रू पाठात नुसतं तो पाहील असं होतं, काय पाहील ते नाही, आणि गुंडाळीत तो प्रकाश पाहील असं निघालं. जुन्या ग्रीक भाषांतरात हा शब्द आधीपासून होताच, आता कितीतरी नव्या भाषांतरांत तो घेतलाय. मला हे फार आवडतं, एवढ्या उलथापालथीनंतर आपण भांडतोय ते एका शब्दावर.

अर्थात कॉपी चांगली असली म्हणून मजकूर खरा ठरत नाही, थापेचीही झकास कॉपी निघू शकते. तो वर्गमित्र हेच म्हणाला असता.

म्हणून मग मी वाचायची पद्धत बदलली. देवाचं वचन वगैरे बाजूला ठेवून जुनी कागदपत्रं वाचावीत तसं वाचायला घेतलं. लूक त्याच्या शुभवर्तमानात सुरुवातीलाच सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं आहे आणि मी सगळं मुळापासून नीट शोधून क्रमाने लिहितोय. पौल हा सुरुवातीचा प्रेषित करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिलं पत्र लिहितो ते साधारण इसवी सन ५५ च्या आसपास, म्हणजे येशूला क्रुसावर देऊन साधारण पंचवीस वर्षंच झाली होती, आणि त्यात पंधराव्या अध्यायात म्हणतो की उठलेला येशू ५०० हून अधिक जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. जाऊन विचारा असाच त्याचा अर्थ होतो. थाप मारायची तर असले साक्षीदार कुणी उभे करत नाही.

आणि रिकामी कबर पहिल्यांदा कुणी पाहिली तर बायकांनी. त्या काळी बायकांच्या साक्षीला कोण किंमत देत होतं? दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने यावरूनच टिंगल केली होती. पेत्र, मंडळीतला (म्हणजे चर्चमधला) एवढा मोठा माणूस, तो तीनदा येशूची ओळख नाकारतो हे चारही शुभवर्तमानांत आहे. येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपा काढतात. आपल्याच पुढाऱ्यांची इतकी शोभा कोण करून ठेवतं?

आता यातून सिद्ध काही होत नाही, मला माहितीय. शिवाय न जुळणाऱ्या गोष्टीही आहेत. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा कसा मेला? मत्तय म्हणतो गळफास घेतला, प्रेषितांच्या कृत्यांत म्हटलंय की तो पडला आणि पोट फुटलं. दोर तुटून पडला असेल असं लोक जुळवतात, मला ते ओढूनताणून वाटतं. यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली वाचून मला आजही त्रास होतो आणि त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

मग विश्वास का? खरं सांगायचं तर येशूमुळे. आधी पुस्तक शंभर टक्के सिद्ध झालं आणि मग येशू मानला असं माझं झालंच नाही, ती कागदपत्रं वाचताना त्यातला तो माणूस मला खरा वाटला, असं बोलणं कुणी बसून रचलं असेल हे पटेना. आणि त्याला मानलं की तो शास्त्राकडे कसा बघायचा ते बाजूला टाकता येत नाही. रानात सैतान तीनदा मोहात पाडतो, तो तिन्ही वेळा उत्तर देतो 'असा शास्त्रलेख आहे', आणि तिन्ही वचनं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या एकाच पुस्तकातली. क्रुसावर जीव जाताना तोंडी बाविसावं स्तोत्र. म्हणजे माझा भरवसा त्याच्यावरून पुस्तकावर आलाय. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन म्हणायचा की शेवटी पवित्र आत्मा आतून साक्ष देतो तेव्हाच खात्री पटते, कॅथलिक म्हणतील मंडळीची परंपरा विसरू नका, नव्या कराराच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. त्या वादात मी शिरत नाही, मला दोघांचं थोडं थोडं पटतं.

एक गोष्ट मात्र सांगते. घरात एक मोठं आजारपण चालू होतं तेव्हा कुणीतरी मला धीराची वचनं पाठवत होतं आणि मला एकही वाचवत नव्हतं. वाचता आलं ते फक्त ८८वं स्तोत्र. बाकीची रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, हे वळतच नाही, हिब्रूत याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. मी ते दोनदा वाचलं आणि वाटलं, ज्याने हे प्रार्थनेच्या पुस्तकात राहू दिलं त्याला माझी समजूत काढायची घाई नाहीये. शेवट गोड करायचा मोह कुणालाही झाला असता. मार्कच्या बाबतीत कुणाला तरी झालाच, म्हणून तर तो कंस.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपमध्ये मार्क वाचून संपवला. एक मुलगी मोठ्याने वाचत होती, आठव्या वचनावर, त्या बायका घाबरलेल्या तिथे, ती थांबली, कंस बघून माझ्याकडे बघायला लागली आणि म्हणाली, ताई, पुढचं वाचू की नको?

म्हटलं वाच, पण आधी खालची टीप वाच. मोठ्याने.