चाळीस किलोचे साडेचार

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर बसले होते. मी मोटरसायकल आडवाटेने काढली. पिशवीत काटा होता आणि बचत गटाचा हिशेब. नेमकं याच दिवशी मला सांगायचं होतं की चाळीस किलो कांद्याचे साडेचार किलोच भरले.

गटाला आम्ही सौर ड्रायर दिला होता. काळा पत्रा, वर काच, पंख्यापुरतं छोटं पॅनल. कांद्याच्या पातळ चकत्या जाळीवर पसरायच्या. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, महिनोन्महिने राहतो, लाल कांदा राहत नाही; भाव पडला तरी तो मिळेल त्या पैशात द्यावा लागतो. वाळवला तर थांबता येईल, असं आमचं गणित. आम्ही द्यायचा दर आधीच ठरलेला, पण वाळलेल्या किलोवर. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आम्हीही त्या माना मोजून खूश झालो होतो.

पहिला घाणा एका आजींचा. त्यांनी पिशवी एका हाताने उचलली, परत खाली ठेवली.

"बाकीचा कुठंय रे भाऊ?"

"आजी, साल-देठ गेलं, आणि कांद्यात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग तर पाणीच असतं."

"ते माहितीये मला. पण पाणी माझ्याच विहिरीचं ना? रात्रीच्या लायटीवर, दोन-दोन वाजता, पोरानं बॅटरी धरून भरलेलं. ते तुम्ही हवेत सोडलं, आन् पैसे उरल्याचे देता?"

यावर काय बोलणार? मार्केटात कांदा पाण्यासकटच विकला जातो. पाण्याचा तोटा आजींच्या माथी मारला होता तो आमच्या कागदाने.

तरी काट्याबद्दलचा संशय फिटायला हवा होता. आजींनीच एक किलो सोललेला कांदा मोजून दिला, नातीने चिरला, आणि त्या जाळीला लाल दोरा बांधला. दर दोन तासांनी ती जाळी आजी स्वतः काट्यावर ठेवायच्या. दुपारपर्यंत वजन निम्म्याच्या खाली आलं, तेव्हा त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

तेवढ्यात एकाने कांद्याची भरलेली ट्रॉली शेडसमोर आणून उभी केली. लिलाव बंद, माल परत आलेला. "सर, एवढा वाळवून द्या." ट्रॉलीत वीस-बावीस क्विंटल, आमची पेटी दिवसाला फार तर एक क्विंटल घेणार, तेही ऊन कडक असेल तर. शिवाय चकत्या कापायला हात किती लागतात ते वेगळंच. मी नाही म्हणालो. तो काही न बोलता ट्रॅक्टर वळवू लागला. अरुंद वाट, तीनदा मागेपुढे करावं लागलं. तेवढा वेळ मी काट्याकडेच बघत बसलो.

संध्याकाळी ऑफिसला फोन लावला. दर सोललेल्या कांद्याच्या वजनावर लावा म्हटलं, आणि वजन गटाच्या दारात. "मग घटीची जोखीम आपल्यावर येईल," साहेब म्हणाले. येऊ द्या म्हटलं. बरीच हुज्जत झाली. शेवटी या हंगामापुरतं मान्य झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीने फोटो पाठवला: काट्यावर लाल दोऱ्याची पुरचुंडी, आकडा १२६ ग्रॅम. खाली आजींचा आवाज रेकॉर्ड केलेला, "दोऱ्याचं वजन कमी कर गं त्यातून."