गोळा कुणाचा, ते गोळा सांगत नाही

आमच्या बेळगाव भागात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठूनतरी मोबाईलवर फोटो येतो. गंजलेला लोखंडी गोळा, मापाला शेजारी चप्पल. खाली ठरलेला प्रश्न: "यावर नाव नाही, नंबर नाही. शिवकाळातला तोफगोळा आहे का? संग्रहात ठेवू का?" राजहंसगडाचा किल्ला जवळ असला तर मग विचारूच नका, गोळा महाराजांचाच!

माझी हयात बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात गेली. म्हणून तुम्ही विचारलंत की मी आधी ओतकाम बघतो. नाव-नंबर नसण्याचं मला काही वाटत नाही. भरीव गोळ्यावर बहुधा काहीच कोरलेलं नसायचं.

मी भोक शोधतो. पोकळ गोळा, म्हणजे जुना कुलपी गोळा, आत कोअर, म्हणजे मातीचा गाभा, धरून ओतायचे. त्यामुळे त्याला तोंड राहतंच. त्यातून काळी दारू भरायची आणि लाकडाची किंवा धातूची वातनळी ठोकायची. दोनशे वर्षांच्या गंजात ते तोंड असं बुजतं की बोट फिरवूनही लागत नाही. आणि काळी दारू म्हातारी होत नाही. भिजली तर गप्प बसते, वाळली की पुन्हा पेट घेऊ शकते. 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात तिथल्या यादवी युद्धातला गोळा साफ करताना स्फोट होऊन एक जाणता संग्राहक गेला. तेव्हा ग्राइंडर नाही, ड्रिल नाही, चुलीजवळ वाळत घालणं नाही. शेतात सापडलेला गोळा आहे तिथेच राहू द्या, पोरांना लांब करा आणि 112 ला फोन लावा. "इतका जुना, काय होतंय" म्हणणारा एकजण दर गावात असतो. त्याचं ऐकू नका.

बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाने बघून निर्धोक म्हटलेला गोळा असेल तर पुढची गंमत आहे. शिंप्याचा टेप पोटाभोवती गुंडाळा आणि येईल त्याला 3.14 ने भागा. घेर 35 सेंटीमीटर असेल तर व्यास 11 च्या थोडा वर आला. एवढ्या मापाचं भरीव बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पाच किलोच्या आसपास भरतं. हा इंग्रजांचा बारा पौंडी. काटा साडेतीनवरच थांबला तर आत पोकळी आहे, पथकाला पुन्हा बोलवा. पोटावरून बारीक कड फिरली असेल तर ती साच्याच्या दोन अर्ध्यांची पार्टिंग लाइन. कड नाही, पण घणाचे चपटे ठसे आहेत, तर लोखंड ठोकून घडवलेला. तो देशी असण्याचा संभव जास्त.

फसवतो तो नऊ सेंटीमीटरचा गोळा. सहा पौंडी तोफेचा गोळा साधारण तेवढाच, आणि सिमेंट कारखान्यात दळणाऱ्या बॉल मिलचा गोळाही तेवढाच, वजनातही पाव किलोभराचा फरक. भंगारात दोन्ही येतात. मिलचा घासून गुळगुळीत झालेला असतो, कुठेकुठे सपाट पडलेला. अशा गोळ्याला दिवाणखान्यात गादीवर बसवलेलं मी पाहिलंय. यजमान इतके खुशीत होते की मी गप्प राहिलो.

एवढं करून गोळ्याचं माप कळतं, घडण कळते. कुणी डागला ते कळत नाही. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांच्या मन्रोने घेतला, 1824 मध्ये कित्तूरला तोफा धडाडल्या. इंग्रजी गोळा आत पडला, तोफेत बसला, की किल्ल्यावरचे लोक तोच उलटा डागायचे. म्हणून मला गोळ्यापेक्षा जागा हवी असते: सर्व्हे नंबर, किती खोल, ती जागा कुठल्या बुरुजासमोर. फोटो हलवण्याआधीचा हवा, आणि जमिनीत सापडलेल्या वस्तूची खबर डीसी ऑफिसलाही (जिल्हाधिकाऱ्यांकडे) द्यायला हवी.

भंगारवाल्याकडून आलेल्या गोळ्याला मी चिठ्ठी लावतो: "बारा पौंडी, ओतीव, भरीव. ठिकाण माहीत नाही." त्यावर "शिवकालीन" लिहून द्या म्हणून हट्ट धरणाऱ्याला चहा पाजतो आणि वाटेला लावतो.