केराची पाटी आणि आठ अक्षरं

रोजच्या कामात देव दिसणं ही कवितेत फार अवघड गोष्ट आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात नामदेवांच्या भोवतीच्या संतांनी ती कशी साधली, हे बघायचं तर आधी त्यांच्या अभंगांची अक्षरं मोजावीत. जनाबाईंच्या या ओळी घ्या:

झाडलोट करी जनी ।
केर भरी चक्रपाणी ॥

प्रत्येक चरणात आठ अक्षरं, शेवटी यमक. हा लहान अभंग. मोठ्या अभंगात चार चरण असतात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळतं: ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’. मोजायची ती अक्षरं, मात्रा नव्हेत. ऱ्हस्व-दीर्घ सारखंच, जोडाक्षर एकच. ‘चक्रपाणी’ची चारच अक्षरं. वृत्तांची सवय असलेले इथे लघु-गुरू लावत बसतात आणि ओळ ताठून जाते.

आता जनाबाईंनी काय केलंय ते पाहा. केर म्हणजे अमुक, झाडू म्हणजे तमुक, असं काही नाही. केर हा केरच. फक्त तो भरायला देव आलाय, आणि पुढच्या ओळीत पाटी डोक्यावर घेऊन लांब टाकायलाही जातोय. कामाची वाटणीसुद्धा खरी आहे: एकानं झाडायचं, दुसऱ्यानं भरायचं. एकही विशेषण नाही.

सावता माळ्यांची रीत वेगळी. ते अरणचे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले. ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी’ यात ‘जणू’, ‘जशी’ कुठेच नाही. थेट ‘अवघी’. पुढे लसूण, मिरची, कोथिंबीर, मग ‘मोट नाडा विहीर दोरी’. मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची चामड्याची पिशवी. तिला दोन दोर लागत: ओढायचा जाड नाडा आणि सोंडेचा, म्हणजे खालच्या नळीसारख्या तोंडाचा, बारीक सोंदूर. बारीक दोर नसेल तर सोंड वर वळलेली राहत नाही आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, पडायच्या आत विहिरीतच सांडतं. मळ्यात राबणाऱ्याला एकच दोर सांगून भागत नाही. अक्षरं मात्र इथे आठाची नऊ होतात, कोथिंबिरीच्या चरणात तर दहा. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत, म्हणजे तालाच्या ठोक्यांत, ती दोन-दोन करून सहज बसतात. म्हणून नियम ओठांवर तपासावा, कागदावर नव्हे.

तिसरी रीत सेना न्हाव्यांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत निसरडी. ‘विवेक दर्पण आयना दाऊं । वैराग्य चिमटा हालऊं’. हे उघड रूपक आहे. ते टिकतं ते क्रमामुळे. आधी आरसा, चिमटा, मग डोक्यावर पाणी, मग शेंडी पिळणं, बगला, शेवटी नखं. हजामतीला बसलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून अहंकाराची शेंडी पटते. काम नीट माहीत नसताना हे रूपक घेतलं की उरते नुसती शिकवण.

आज लिहू पाहणाऱ्यांची चूक बहुतेकदा इथेच होते. ‘जीवनाचा कुकर हा’ ही आठ अक्षरं बरोबर भरतात, पण त्यात ना कुकर दिसतो ना जीवन. त्यापेक्षा जनाबाईंच्या वाटेनं जावं:

तीन शिट्ट्या झाल्या घरी ।
विठू गॅस बंद करी ॥

मोजणी ठीक, पण ‘घरी’ हा शब्द केवळ यमकासाठी आलाय. कुकर घरातच असतो. ‘तीन शिट्ट्या झाल्यावरी’ केलं तर अक्षरं आठच राहतात, यमक टिकतं आणि गॅस कधी बंद करायचा तेही कळतं. ‘पवित्र’, ‘दिव्य’, ‘मंगल’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आलेच तर खोडावेत. ते काढल्यावर ओळीत देव उरत नसेल, तर तो त्या कामात अजून दिसलेला नाही. अशा वेळी शब्द शोधत बसू नये. परत स्वयंपाकघरात जाऊन ते काम एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावं, कोणत्या क्षणी दुसरा हात लागतो ते टिपावं. विठूला त्याच जागी उभं करायचं.