केंद्राचं गॅदरिंग आणि सगळ्या मोहल्ल्याचं सामान

इंदूरच्या मिल एरियात वाढलेल्या आमच्या पिढीला गॅदरिंग म्हटलं की शाळेचं नाही, केंद्राचंच आठवतं. परदेशीपुऱ्याकडून मालवा मिलकडे येताना आत वळलं की दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, मागे पाण्याची टाकी, बस, एवढंच आमचं केंद्र. संध्याकाळी अभ्यासिका, रविवारी खो-खो, उन्हाळ्यात शिबिर आणि फी काहीच नाही. चालवणारे म्हणजे मोहल्ल्यातलेच काही जण, एकदोन रिटायर्ड मास्तर आणि आमच्या ताई, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ताईच म्हणायचो, आमची आईपण ताईच म्हणायची.

आमचं लहानपण म्हणजे मिल बंद झाल्यानंतरचे दिवस. हुकुमचंद मिलचा भोंगा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला आणि आमच्या लाइनीत घरोघरी वडील दिवसा घरी दिसायला लागले. कोणी टेम्पो चालवायला घेतला, कोणी सियागंजात हमाली धरली, आयांनी साड्यांना फॉल-पिको सुरू केलं. एका खोलीत पाच-सहा माणसं, त्यात शिलाई मशीन चालू, मग पोरांनी अभ्यास करायचा कुठे? म्हणून अभ्यासिका सुरू झाली. ट्यूबलाइटच्या खाली चटया टाकून मराठी, माळवी, यूपीवाले सगळे एकत्र बसायचे, कोणाचं बीजगणित चाललंय, कोणाचं पहाडे पाठ करणं.

गॅदरिंग २६ जानेवारीला. का तर त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, आणि तो सण ह्याचा-त्याचा नाही, सगळ्यांचा. शाळेत झेंडा करून पोरं तशीच युनिफॉर्मवर केंद्रात यायची, मग केंद्राचा झेंडा, मग पोहे-जिलेबी, मग खो-खो आणि सितोलियाची, म्हणजे लगोरीची, फायनल, आणि पाच वाजता प्रोग्राम.

पण खरं गॅदरिंग सुरू व्हायचं संक्रांतीला. त्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत गिल्ली-दंडा चालायचा आणि संध्याकाळी ताई कपाटातून लाल कापडी बांधणीची लांब चोपडी काढायच्या. त्याला आम्ही सामानाची वही म्हणायचो. केंद्राकडे स्वतःचं म्हणाल तर चटया, एक हार्मोनियम आणि एक घंटा, मंडपवाल्याला द्यायला पैसे नाहीत, म्हणून सगळं उसनं आणायचं. दोन-दोन पोरांची जोडी घरोघरी जायची, एकाने मागायचं, एकाने लिहायचं. अजूनही त्यातल्या नोंदी डोळ्यापुढे येतात (गंज म्हणजे मोठं पातेलं, दरी म्हणजे सतरंजी), "गंज मोठा १, झाकणासकट, टाकीजवळच्या आजी", "दरी २, एक कडेला जळलेली, लाइटवाले काका", "हिरवी साडी पडद्यासाठी, पिन लावू नये". शेवटचं वाक्य ज्या काकूंनी लिहायला लावलं त्या लिहून होईपर्यंत दारात उभ्या होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं, लग्नातली साडी ती.

स्टीलच्या भांड्यांवर तर नाव घातलेलंच असायचं, लग्नाच्या तारखेसकट, त्यामुळे ती परत करायला सोपी. बिननावाच्या पातेल्यांना बुडाखाली ऑइल पेंटचा ठिपका द्यायचा, आमच्या लाइनीचा लाल, पलीकडच्या लाइनीचा पिवळा. माझ्या आईच्या कढईखाली तो लाल ठिपका अजून आहे, घासून घासून फिका झालाय पण आहे.

ह्यात ताईंचा एक नियम होता आणि मला वाटतं सगळं केंद्र त्या नियमावर उभं होतं. एकही घर सोडायचं नाही. आम्ही म्हणायचो, अहो ताई, त्यांच्याकडे काय मागायचं, त्यांच्याकडेच काही नाही. तर त्या म्हणायच्या, सुई-दोरा माग, सेफ्टी पिना माग, पण माग, आणि वहीत लिही. त्या वर्षांत कित्येक घरात घासलेट संपलेलं असायचं, दुकानदाराची उधारी तुंबलेली असायची, माणसं तोंड चुकवून जायची. आणि त्याच घरी दोन पोरं वही घेऊन उभी राहायची की काकू, तुमच्याकडून काय लिहू? मी स्वतः बघितलंय, एका आजींनी आत जाऊन बराच वेळ शोधाशोध केली आणि पितळेचं अडकित्तं आणून दिलं, पाहुण्यांच्या सुपारीला होईल म्हणाल्या. ते पहिल्या रांगेपुढच्या टेबलावर तबकात ठेवलं होतं आणि आजी सबंध प्रोग्रामभर त्या टेबलाजवळ बसल्या होत्या.

स्टेज मिलवाले काका लोक बांधायचे. ज्यांना इंदूरच्या झांक्या, म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतले देखावे, माहीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या मिलांच्या झांक्या निघतात, पुढे आखाडे, पटा-बनेठी फिरवणारे, जेल रोड ते राजवाडा रात्रभर पाय ठेवायला जागा नसते. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी चंदा करून झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. तर त्या झांकीत हलणारी चित्रं बनवणारे हात आमच्या स्टेजला लागायचे. सायकलची जुनी रिम, त्यावर पट्टा, पंख्याची मोटर, आणि पडद्यामागे सूर्य हळूहळू वर यायला लागायचा. एक काका सांच्या खात्यातले, म्हणजे लूमवर काम केलेले, ते कोणतीही पडद्याची साडी आधी अंगठा आणि बोटात घेऊन चोळून बघायचे आणि सांगायचे, ही नको, लाइट आरपार जाईल, पोरं कपडे बदलताना दिसतील. त्यांना कपड्याबद्दल कोणी विचारतंय ह्याचाच त्यांना केवढा आनंद असायचा, सगळं अंगण त्यांच्या हुकमाने चालायचं त्या दिवशी.

नाटक दरवर्षी नवीन बसायचं पण एक प्रवेश ठरलेला, अहिल्याबाईंचा. इंदूरात राहून अहिल्याबाई नाहीत असं कसं होईल? हातात शिवाची पिंड, डोक्यावरून पांढरा पदर आणि मागे महेश्वरचा घाट. नर्मदा म्हणजे दोन निळ्या साड्या आणि चार पोरं, दोन इकडे दोन तिकडे, खाली वाकून हलवत राहायचं, हात दुखले तरी नर्मदा थांबली नाही पाहिजे. अहिल्याबाई कोण होणार ह्यावर डिसेंबरपासून मुलींमध्ये रुसवेफुगवे. एका वर्षी भिंडकडून आलेल्या घरातली मुलगी झाली, घरी सगळी हिंदी, तिला "वेळ" आणि "सगळे" मधला ळ काही केल्या यायचा नाही. टाकीजवळच्या आजींनी तिला रोज संध्याकाळी दारात बसवून घोटून घेतलं, प्रोग्रामच्या दिवशी तिने पहिलं वाक्य इतकं ठसक्यात म्हटलं की आजींनी मोठ्याने "अगदी बरोबर!" म्हणून टाकलं आणि सगळ्या अंगणात टाळ्या. तिचे वडील मागे उभे होते, मराठी फारसं कळत नव्हतं त्यांना, पण शेजारच्याला विचारत होते, "भिया, ठीक बोल री है ना?"

पोह्यांबद्दल लिहिलं नाही तर मला कोणी इंदूरचा म्हणणार नाही. पहाटेच काकू मंडळी जमायची. चार जणींनी पोहे भिजवायचे, दोघींनी कांदा चिरायचा, फोडणीत मोहरी बरोबर बडीशेप हवीच, तेल कमी, साखर थोडी. आणि मग ते पातेलं दुसऱ्या उकळत्या पाण्याच्या गंजावर ठेवून द्यायचं, वाफेवर पोहे तासन् तास मऊ राहतात, शेवटच्या पोरालाही गरमच मिळतात. वर शेव, जीरावन मसाला, कांदा, लिंबू. जिलेबी मात्र चौराह्यावरच्या दुकानातून यायची, दुकानदार सामानाचे पैसे घ्यायचा, मेहनतीचे नाही.

बक्षिसं साधी, कंपास बॉक्स, वह्या, टिफिन. पण सगळ्यात मोठं बक्षीस, म्हणजे आकाराने मोठं, ते खो-खोला नाही, नाटकाला नाही, अभ्यासिकेत सगळ्यात जास्त हजेरीला. एका वर्षी ते दहावीत नापास झालेल्या एका दादाला मिळालं, तो नापास होऊनही रोज यायचा, लहान पोरांचे पाढे घ्यायचा. नाव पुकारल्यावर तो उठेचना, मग पोरांनीच ढकलत स्टेजवर नेला. आज तोच अभ्यासिका चालवतोय.

परतीचा दिवस २७ तारीख. वही उघडून एक-एक वस्तू पुसून घरी पोचवायची आणि समोर टिक. काकू गंज घेऊन आत डोकवायच्या की घासलाय ना नीट, आणि रिकामा कधी परत जायचा नाही, त्यात मूठभर शेव किंवा दोन तिळगूळ ठेवूनच द्यायचे, ताईंनी शिकवलेलं.

आता खूप बदललंय. साउंड सिस्टिम भाड्याने येते, खुर्च्या येतात, पोरं मोबाइलवर गाणी लावून डान्स बसवतात आणि छान बसवतात, मला त्याचं वाईट वाटत नाही. वही मात्र आहे, तिसरी की चौथी असेल आता, आणि घर सोडायचं नाही हा नियमही आहे. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा चेक एकदाचा मिळाला तो २५ डिसेंबर २०२३ ला, सुमारे ४,८०० कामगार आणि २२४ कोटी रुपये, तीस वर्षांहून जास्त थांबल्यावर. कितीतरी जण तोपर्यंत गेले होते, त्यांचे पैसे बायका-पोरांनी घेतले. महिन्याभराने आलेल्या त्या २६ जानेवारीला कपडा चोळून बघणारे सांचेवाले काका आले, काठी टेकत, मुलाच्या खांद्यावर नवीनच्या नवीन दरी. पोरगी वही घेऊन बसली होती, तिने विचारलं, काका, देणगीत लिहू? तर काका म्हणाले, नाही बेटा, उसनी लिही, उद्या घरी आणून दे, पुढच्या वर्षी परत मागायला ये. तिने लिहिलं, "दरी १, नवीन, सांचेवाले काका".

जुनी पोरं आता पुणे, बंगलोर, कुठे-कुठे आहेत, पण जानेवारीत जो कोणी इंदूरात असेल त्याने संक्रांतीच्या संध्याकाळी केंद्रात यायचं, वही तेव्हाच उघडते. ह्या वर्षी मोठे गंज दोनच आहेत आणि पोरं वाढलीत, तर ज्यांच्या माळ्यावर आईचा गंज पडून असेल त्यांनी आधीच काढून कल्हई करून ठेवा, पोरं न्यायला येतील.