आमची वाटचाल : पेंट शॉपपासून हरित इमारतींपर्यंत

वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा उद्योग सुरू झाला तो वाहनांचे सुटे भाग रंगवणाऱ्या पेंट शॉपना एअर फिल्टर पुरवण्यासाठी. ओल्या रंगावर धूळ बसली की तो भाग नापास होतो. त्यामुळे हवा फिल्टरमधून जाण्याऐवजी चौकटीच्या कडेने निसटत नाही ना, हे पाहण्याची सवय आमच्या कारागिरांना तेव्हाच लागली. पुढे छत्रपती संभाजीनगर परिसरातील वास्तुविशारदांकडून लीड (LEED) या हरित इमारतींच्या मानांकनासाठी विचारणा येऊ लागली, तेव्हा हीच सवय कामी आली.

लीडच्या चौथ्या आवृत्तीनुसार बांधकामातील हवेच्या व्यवस्थापनाचा गुण हवा असेल, तर काम चालू असताना कायमस्वरूपी वातानुकूलन यंत्रणा चालवू नये. चालवावीच लागली, तर परतीच्या हवेच्या प्रत्येक जाळीवर आणि डक्टच्या तोंडावर किमान मर्व्ह 8 दर्जाचे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचे माप; आकडा जितका मोठा, तितके बारीक कण अडतात) फिल्टर कडेला फट न राहता बसवावेत, आणि इमारत वापरात येण्याच्या अगदी आधी सर्व फिल्टर बदलून आराखड्यातील अंतिम फिल्टर लावावेत. फरशी कापण्याची आणि पीओपी घासण्याची भुकटी एकदा डक्टमध्ये शिरली की ती काढणे फार खर्चिक असते, म्हणून यंत्रणा बंदच ठेवा, असा सल्ला आम्ही देतो. त्याने आमची विक्री घटते, हे खरे.

वापरातील इमारतीसाठी, हवेच्या दर्जाचा वाढीव गुण मिळवायचा असल्यास, बाहेरून येणाऱ्या हवेला मर्व्ह 13 लागतो. तो अधिक दाट असल्याने पंख्यावरचा भार वाढतो. त्यामुळे मागणी स्वीकारण्यापूर्वी आम्ही पंख्याची क्षमता विचारतो आणि ती अपुरी असल्यास प्लीट्सची, म्हणजे फिल्टरच्या घड्यांची, खोली वाढवून फिल्टरचे क्षेत्रफळ वाढवतो.

सर्वाधिक चर्चा होते ती फ्लश-आउटची, म्हणजे नव्या इमारतीत साचलेले रंगाचे वास व वायू ताज्या हवेने बाहेर काढण्याची. रंगकाम, फर्निचर आणि साफसफाई पूर्ण झाल्यावर दर चौरस फुटामागे 14,000 घनफूट बाहेरची हवा इमारतीत खेळवावी लागते, आणि त्या काळात आतील तापमान 15 ते 27 अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांपर्यंतच ठेवावी लागते. दर चौरस फुटाला मिनिटाला एक घनफूट हवा मिळाली, तरी हे काम जवळपास दहा दिवस चालते. प्रत्यक्षात बहुतेक कार्यालयांना ताजी हवा याहून बरीच कमी मिळते, म्हणजे मुदत काही आठवड्यांवर जाते. मराठवाड्यात मे महिन्यात चाळिशी ओलांडलेली हवा थंड करण्यात वीज जाते, तर ऑगस्टमध्ये आर्द्रतेची मर्यादा पाळणे जड जाते. फेब्रुवारी त्या मानाने सोपा. हे आधी सांगितले नाही, तर उद्घाटनाची तारीख ठरल्यावर ठेकेदाराची धावपळ होते. घाई असलेल्यांना हवेची चाचणी करून घेण्याचा दुसरा मार्ग लीडनेच ठेवला आहे.

आता आमच्या दरपत्रकात बांधकामाचे आणि वापराचे फिल्टर वेगळ्या ओळींत असतात. गॅस्केट (कडेची फट बंद करणारी पट्टी) व चौकटीची किंमतही स्वतंत्र दाखवतो, कारण दर पाडण्याच्या आग्रहात पहिली काट नेमकी तिथेच मारली जाते.